सुई शून्यावर आहे

मंगळवार, ४ मार्च

दादा,

फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. मेसेज केला तर तू अंगठा पाठवतोस. परवा मी अर्धा तास खपून एवढा लांबलचक मेसेज लिहिला, त्यावरही अंगठाच. म्हणून आता पत्र लिहितेय. पत्राला अंगठा देता येत नाही, आणि तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे. छापलेलं-लिहिलेलं काहीही हातात आलं की तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोस, मग ते औषधाच्या बाटलीतलं चिटोरं का असेना.

तर वाच. या रविवारीही "कोणी नव्हतं" असं तू मला कळवलंस. दादा, बाबा बसले होते. जानेवारीपासून एकही रविवार त्यांनी चुकवलेला नाही. सकाळी सहाला उठतात, दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात (रेडिओवर शर्ट दिसत नाही हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं) आणि काचा लावलेल्या त्या बाल्कनीत हेडफोन चढवून बसतात. सातच्या ठोक्याला तुला हाक मारायला लागतात. आधी स्वतःची खूण, म्हणजे ती लायसनची अक्षरं, मग तुझी खूण, मग थांबणं. परत तेच. आठ वाजले की हेडफोन काढतात आणि म्हणतात, "साहेब आले नाहीत."

आणि तिकडे तू म्हणतोस, बाबांनी बोलावलंच नाही.

हा करार घडवून आणताना मला किती नाकदुऱ्या काढाव्या लागल्या ते तुम्हा दोघांनाही आठवत नसेल. तू म्हणालास, फोन नको, भेट नको, हॅम रेडिओवर बोलेन, पण पहिली हाक त्यांची. ते म्हणाले, हाक मारीन, पण त्यानं ओ दिली पाहिजे. धरणावरच्या क्वार्टरमधून तू आणि बाल्कनीतून ते, बोट बटणावर आणि नाक वर! आता ते म्हणतात मी तुझ्या वतीनं थापा मारते, आणि तू म्हणतोस मी त्यांच्या वतीनं. "तुला सगळं गोड करून सांगायची सवय आहे" हे वाक्य मी गेल्या महिन्यात दोघांच्याही तोंडून ऐकलंय, शब्दन् शब्द तेच. एकाच साच्यातले आहात दोघं आणि मधल्यामध्ये खोटारडी ठरले मी.

मिशीवाले काका साक्षीला आहेत. ते आता लेकीकडे राहायला आल्यापासून त्यांच्याकडे फक्त ऐकायचा सेट उरलाय, पण दर रविवारी ते बाबांना ऐकतात आणि नंतर फोन करून सांगतात, "खणखणीत येताय हो!" पण काका बाबांचे दोस्त, म्हणून तू त्यांचंही खरं धरत नाहीस.

भांडायला अजून एक कारण देऊन ठेवते, म्हणजे पुढे कधी कळल्यावर माझ्या नावानं ओरडू नकोस. हॅम क्लबच्या त्या कार्यक्रमात तू चारचौघांत त्यांना म्हणालास ना, "बाबा, तुमचा ट्यूनर तार नाही, स्वतःचं पोट गरम करतोय"? त्यानंतर तू तणतणत निघून गेलास. आणि जाण्याआधी तिथेच तू हौसेनं बसवून दिलेला मोठा कंडेन्सर त्यांनी दुसऱ्याच दिवशी ट्यूनरमधून उपटून काढला. स्वतःचा जुना लहान, पात्यांमध्ये रुंद फटी असलेला होता तो परत बसवला. दोन वर्षं झाली त्याला. "माझ्या डब्यात माझाच कंडेन्सर राहील," म्हणाले. मी म्हटलं राहू दे बापडा, कुणाचं काय जातंय.

आता मुद्द्याचं. बाबांचा घसा बसलाय हे मी तुला सांगितलं होतं. तो नुसता बसलेला नाही. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. स्वरयंत्रावर गाठ आहे आणि ती चांगली नाही. सव्वीस तारखेला, बुधवारी, स्वरयंत्र काढणार आहेत. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलंय, माणूस वाचेल, आवाज राहणार नाही.

हे तुला कळवायचं नाही म्हणून बाबांनी मला बजावलंय. म्हणूनच कळवते.

तुझी धाकटी


रविवार, ९ मार्च

दादा,

शेवटी तुला शब्द फुटले म्हणायचे! पण कशावर? बापाच्या घशावर तू लिहिलंस, "त्यांनी एकदा बोलावलं तर लगेच निघतो." एवढंच. आणि कंडेन्सरवर? "काय??? काढला???" आणि त्याखाली फळाभर व्याख्यान. मी दुकानात ग्राहकाच्या चष्म्याच्या काचा घासत होते, फोन टणटण वाजायचा थांबेना. मला वाटलं कुणी गेलं.

राग गिळून ते सगळं वाचलं. मला जे कळलं ते माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर सांग. गच्चीवरची तार तुम्हा लोकांना हवी त्यापेक्षा फारच आखूड आहे. म्हणून रेडिओ आणि तार यांच्यामध्ये तो डबा लागतो, ट्यूनर. त्यात तांब्याची एक गुंडाळी आणि फिरवायचे दोन कंडेन्सर. ते फिरवून फिरवून मीटरची सुई शून्यावर आणायची. तारेकडचा कंडेन्सर पुरेसा मोठा असला तर गुंडाळीचे थोडे वेढे पुरतात. तो लहान असला तर सुई शून्यावर आणायला गुंडाळीचे भरमसाट वेढे घ्यावे लागतात, आणि मग सगळी ताकद त्या गुंडाळीतच तापून संपते. तारेपर्यंत उरलंसुरलं पोचतं. तेवढं दोन गल्ल्या पलीकडच्या मिशीवाल्या काकांना खणखणीत ऐकू येतं, धरणापर्यंत काही येत नाही. आणि सुई मात्र शून्यावर! कारण रेडिओकडे काही परत येत नाही, एवढंच ती सांगते. गेलं कुठे ते तिला कोण विचारतंय?

म्हणजे जानेवारीपासून माझा बाप एका तांब्याच्या गुंडाळीशी बोलतोय. आणि तू तिकडे त्यांनी बोलावलं नाही म्हणून फुगून बसलायस.

आता आजचं ऐक. तू अट सोडलीस आणि आपणहून हाक मारलीस, त्याबद्दल तुझे आभार मानणार होते, पण आता माझ्यात आभार मानायचं त्राण नाही. तुला तिकडे काहीच ऐकू आलं नाही. इकडे काय झालं ते मी सांगते.

सात वाजून गेले आणि तुझा आवाज आला. बाबांनी हेडफोनची एक बाजू वळवून माझ्या कानाशी धरली, इतके खूश झाले. तूच होतास, खाकरतोस तसा खाकरलास आधी. मग तुमची ती खूण, आणि मग "बाबा, ऐकताय का?" बाबांनी बटण दाबलं. "ऐकतोय! ऐकतोय, बोल!" बटण सोडलं. तर परत तू, "बाबा, आहात का?" परत बटण. "आहे! इथेच आहे!" परत तू, "काही ऐकू येत नाही, बाबा. बसलात की नाही?"

दादा, त्यांचा घसा म्हणजे आता फाटका कागद झालाय. डॉक्टरबाईंनी मोठ्यानं बोलायची मनाई केलीय. ते त्या माइकमध्ये ओरडत होते. खरवडल्यासारखा आवाज निघत होता आणि तरी ओरडत होते. शेवटी नुसताच श्वास यायला लागला. आणि तू तिकडून अगदी शांतपणे, "ठीक आहे बाबा. नसाल बसलात तर नसाल," असं म्हणून बंद केलंस.

मी ट्यूनरच्या झाकणावर हात ठेवला. पोळला. खरंच, इस्त्रीसारखा. मी म्हटलं, "बाबा, हात लावून बघा. हा तापलाय. दादा म्हणतो तेच होतंय."

त्यांनी हात लावला नाही. मीटरकडे बोट केलं आणि जो काही आवाज उरला होता त्यात म्हणाले, "सुई शून्यावर आहे."

"मग त्याला ऐकू का नाही आलं?"

"आलं असेल. मुद्दाम करतोय."

डोकं आपटावंसं वाटलं मला. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तुझा तो मोठा कंडेन्सर शोधायला माळ्यावर चढले. तो सापडला, पण वरून पेटी पडून त्याची पाती अशी चेपलीत की फिरवायला गेलं तर एकमेकांत अडकतात. आणि तो धड असता तरी ते लावू देणार आहेत का? नाव काढलं तर म्हणतात, "त्यात फटी किती बारीक आहेत ते बघितलंस का? ठिणग्या उडतील. त्याला नुसते पीएफ मोजता येतात, व्होल्ट कोण बघणार?" तू म्हणतोस आकार (म्हणजे तुमचे ते पीएफ) बघा, ते म्हणतात फटी बघा. मला तर वाटतं दोघांचंही बरोबर असेल. म्हणूनच तर हे भांडण संपत नाही.

फोनचाही प्रयोग केला. परवा तुला न सांगता तुझा नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला. तू "हॅलो" म्हणालास. त्यावर "राँग नंबर" म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली माणसानं, आणि पोराच्या फोनला राँग नंबर! मी विचारलं तर म्हणाले, "फोनवर माणसं तोंडदेखलं बोलतात. रेडिओवर यायला कष्ट पडतात. ज्याला बोलायचंय तो कष्ट घेईल."

तू म्हणतोस बोलावल्याशिवाय येणार नाही. ते म्हणतात रेडिओवर बोलल्याशिवाय बोलावणार नाही. आणि सव्वीस तारीख कुणासाठी थांबणार नाही. मला आत्ताच्या आत्ता सांग, काय विकत आणू?

तुझी धाकटी


सोमवार, १७ मार्च

तुला "प्रिय" लिहिण्याचा माझा आज मूड नाही.

तू सांगितलंस, "त्यांचा कंडेन्सर काढू नकोस. त्याच्या शेजारी दोनशे पीएफचा एक स्थिर कंडेन्सर जोड. दोन्ही मिळून मोठे होतील, आणि त्यांचं त्यांच्या जागी राहील." इतकी वर्षं शहाणपण कुठे दडवलं होतंस? हेच तू क्लबमध्ये म्हणाला असतास तर!

बाबांना सांगितलं की कल्पना माझी आहे.

"तुझी?" म्हणाले. "कुठून सुचली?"

"वाचलं."

"कुठे?"

"पुस्तकात."

"कुठल्या?"

"निळ्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेत असल्यासारखं वाटलं. पण नाही म्हणाले नाहीत. कदाचित मी गप्प बसावं म्हणून असेल. सुट्या भागांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "किती पीएफ?" म्हटलं दोनशे. "किती व्होल्ट?" म्हटलं जास्तीत जास्त असेल तो. त्यानं कोटाच्या बटणाएवढी एक तपकिरी चकती दिली. एवढीशी! मी म्हटलं हीच का? तो म्हणाला, "ताई, तीन हजार व्होल्टची आहे." मी ऐटीत घरी आले. बाबांनी ती जोडली, गुंडाळीचे वेढे कमी केले, सुई खरंच थोड्या वेढ्यांत शून्यावर आली. माझी मान ताठ.

काल सात वाजता त्यांनी तुला हाक मारली. पहिली हाक झाली. दुसऱ्या हाकेला डब्यातून फट्दिशी आवाज, जळका वास, आणि सुई पार पलीकडच्या टोकाला. चकतीचे दोन तुकडे झाले होते.

आणि दादा, हा माणूस खूश झाला! घसा नाही, तब्येत नाही, पोराचा पत्ता नाही, आणि चेहऱ्यावर विजय. "बघितलंस? निळं पुस्तक!" चिमट्यानं तुकडे काढले, वेढे पूर्वीसारखे केले, सुई शून्यावर आणली आणि मला दाखवली. मी बाल्कनीतून उठून आत गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. दुःखानं नाही, संतापानं.

त्यात संध्याकाळी तुझा मेसेज. "पहिली हाक क्षणभर आली असं वाटलं!! मग गेली. कुठला लावलास?" मी फोटो पाठवला. तर तू लिहितोस, "पीएफ बरोबर, व्होल्टही बरोबर. पण त्यातून करंट किती जाणार ते विचारलंस का? ही चकती त्या कामाची नाही, तापून फुटणारच." मला काय माहीत ते पण विचारायचं असतं! एका बटणाएवढ्या वस्तूला तुम्ही लोक किती प्रश्न विचारता? पीएफ किती, व्होल्ट किती, करंट किती. मुलगी बघायला जातानासुद्धा एवढ्या चौकशा करत नसतील.

पण तुझी ती दोन उद्गारचिन्हं मी दहा वेळा वाचली. "पहिली हाक आली असं वाटलं!!" हे बाबांना सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, गोड करून सांगतेस.

आता एकच रविवार उरलाय, तेवीसचा. मला दुकानात पाठवू नकोस. तुझ्या त्या खोक्यांतून शोध, जे लागतं ते स्वतःच्या हातानं बनव आणि पाठव. आणि पार्सलवर तुझं नाव घालू नकोस.

धाकटी


शुक्रवार, २१ मार्च

दादा,

मिळालं. नाव नव्हतं हे चांगलं केलंस. मी दुकानाच्या पत्त्यावर आलं असं सांगून ते टेबलावर ठेवलं. अभ्रकाचे चार छोटे कंडेन्सर, तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये शेजारी शेजारी बसवलेले. तू लिहिलंस त्याप्रमाणे करंट चौघांत वाटला जाईल, एकट्यावर ताण येणार नाही. मी बाबांना तेच पाठ केलेलं म्हणून दाखवलं. चष्म्याच्या दुकानातला एक ओळखीचा माणूस बनवतो, असं सांगितलं.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते डोळ्याजवळ धरलं. डाख बघत होते. एकेक सांधा, उलटा करून, सुलटा करून. तुला आठवतं ना, तार पट्टीत घालून आधी पाव वेढा वळवायची, मग डाख द्यायचा, म्हणजे डाख वितळला तरी तार सुटत नाही? दुसरं कुणी असं करत नाही, नुसता टेकवून मोकळे होतात. हे त्यांनी तुला याच टेबलावर शिकवलं, आणि नीट वळली नाही की टपली मारायचे.

चौथा सांधा नखानं खरवडून पाहिला. मी तोंडावर बोट ठेवून उभी. मग म्हणाले, "तुझ्या ओळखीच्या माणसाला सांग, चौथ्या सांध्यात डाख जरा जास्त झालाय."

आणि बसवला. लगेच. मी चहा ठेवायला गेले आणि येईपर्यंत झाकणाचे स्क्रू आवळून झाले होते.

रविवारी सात. कृपा करून वेळेवर बस.


बुधवार, २ एप्रिल

दादा,

तेवीस तारखेला तुला तिकडे फक्त आवाज आला. इथे काय चाललं होतं, आणि त्यानंतर काय चाललंय, ते तुला माहीत असायला हवं. म्हणून हे शेवटचं पत्र. यानंतर मी मधली नाही.

तू ओ दिलीस तेव्हा बाबा उठून उभे राहिले. हेडफोनची वायर ताणली गेली म्हणून परत बसले. मी हेडफोन काढून स्पीकर लावायला सांगितला आणि त्यांनी चक्क ऐकलं. तुझा आवाज पूर्ण बाल्कनीत. मी डब्यावर हात ठेवला, कोमट होता. नुसता कोमट.

मला वाटलं आता बोलतील. मी बाहेर जावं का, असाही विचार केला. दोन वर्षांचं साचलंय, बाप-लेकांना मोकळं होऊ दे. आणि तुम्ही काय केलंत? तू म्हणालास, "बाबा, आता तुमच्या सिग्नलमध्ये बोट दाखवायला जागा नाही." ते म्हणाले, "आधीही नव्हती." तू म्हणालास, "आधी तुम्ही येतच नव्हतात." ते म्हणाले, "फटी बारीक असत्या तर आजही आलो नसतो." आणि सुरू झालात! फटी, पाती, वेढे, अभ्रक. त्यांच्या घशात मोजके शब्द उरलेत, एकेक बाहेर काढताना खुर्चीचा हात धरतात, आणि ते शब्द हा माणूस पात्यांमधल्या फटींवर उधळतोय! मी मागून हातवारे करून करून थकले. एकदा तर कागदावर "ऑपरेशन" लिहून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी कागद बाजूला सारला आणि चौथ्या सांध्यातल्या डाखाबद्दल बोलले. तू हसलास. तू हसलास तेव्हा तेही हसले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मला त्या क्षणी तुम्हा दोघांचा इतका राग आला, आणि तरी मी बटणाजवळचा पाण्याचा पेला भरत राहिले.

मग समोरच्या इमारतीवर ऊन आलं. तुम्हा लोकांचं ते ठरलेलं आहे, ऊन वर आलं की तुमचा ऐंशी मीटरचा पट्टा उतरायला लागतो, लांबचं ऐकू येईनासं होतं. तुझ्या आवाजात खरखर वाढली. बाबांना ते माझ्या आधी कळलं. त्यांनी माइक तोंडाच्या अगदी जवळ घेतला आणि हळू, म्हणजे त्यांना जेवढं हळू बोलता येतं तेवढं, म्हणाले, "बुधवारी माझा आवाज काढतायत. तुझ्या बहिणीनं सांगितलं असेलच. तिला सांगू नको म्हटलं होतं, म्हणजे नक्की सांगितलं असेल." मग थांबले. बटण दाबलेलंच होतं. मग म्हणाले, "अरे, तू घरी कधी येतोस? ओव्हर."

आणि बटण सोडलं.

स्पीकरमध्ये नुसती खरखर. त्यात मध्येच तुझा आवाज असल्यासारखं काहीतरी, एखादा तुकडा, शब्द नाही. बाबा नॉब फिरवत राहिले. मी म्हटलं, "पुन्हा विचारा." त्यांनी बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही. श्वाससुद्धा धड आला नाही. दोनदा प्रयत्न केला. मग बटण सोडून बसून राहिले. आठ वाजून गेले, नऊ वाजले, मी दुकानात फोन करून येत नाही म्हणून कळवलं. ते उठले नाहीत.

तेवढंच. आवाज असताना ते शेवटचं बोलले ते हे. त्यानंतर दोन दिवस घशातून काही धड निघालं नाही, आणि बुधवारी ऑपरेशन झालं. ते नीट झालं, हे मी तुला कळवलंच आहे. गाठ पूर्ण निघाली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात, बघायला सुरुवातीला भीती वाटते, मग सवय होते. मला तिसऱ्या दिवशी झाली.

नर्सनं त्यांना लिहायला छोटी पांढरी पाटी आणि मार्कर दिलाय. शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, दुखतंय का? त्यांनी पाटी मागितली आणि माझ्याकडे वळून लिहिलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "येतो म्हणाला. तुम्ही विचारल्याबरोबर म्हणाला, उद्याच निघतो." हे खरं आहे, रेडिओवर तू हेच उत्तर दिलंस असा तुझा मेसेज माझ्याकडे आहे. दादा, त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "तू नको सांगू."

मी मेसेज दाखवायला फोन पुढे केला. त्यांनी डोळे मिटले.

आणि तू? उद्याच निघतो म्हणालास त्याला आठवडा उलटून गेला. आधी लिहिलंस, "माझ्या उत्तरावर ते काही बोललेच नाहीत, मला वाटलं त्यांनी बंद केलं." तेव्हा मी तुला सगळं सांगितलं, तर परवा लिहितोस, "आता ते बोलू शकत नाहीत. मी येऊन काय करू? त्यांच्यासमोर एकटाच बोलत बसू?"

हो! एकटाच बोलत बस! त्याचसाठी ये! सबंध जन्मभर तुम्ही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. आता पहिल्यांदा तू बोलशील आणि ते मध्येच तोडणार नाहीत. घाबरतोस ना? मीही घाबरले होते. मीही त्यांच्यासमोर बडबडत बसते, दुकानातलं, शेजारचं, काहीही. ते ऐकतात. कधी कधी पाटीवर लिहितात, "पुरे." पण दुसऱ्या दिवशी मी गप्प बसले तर पाटीवर येतं, "काय झालं?"

काल त्यांना घरी आणलं. डॉक्टरबाईंनी आराम सांगितलाय, पण सकाळी मी बघते तर हे बाल्कनीत. मी म्हटलं, "बाबा, आज रविवार नाही." त्यांनी लिहिलं, "माहीत आहे." मी म्हटलं, "मग कशाला बसलात? तुम्ही बोलणार कसं?" तर त्यांनी मला पाटीवर तुमचा नियम लिहून दाखवला, अगदी सुवाच्य अक्षरात, एक्स्चेंजमध्ये नव्या पोरांना शिकवायचे तसा. "ओव्हर म्हटलं की आपलं बोलणं संपलं. बटण सोडायचं. समोरचा बोलेपर्यंत जागा सोडायची नाही."

ते अजून तिथेच बसलेत. मी हे त्यांच्या मागच्या स्टुलावर बसून लिहितेय.

मला उत्तर पाठवू नकोस. मला कुणी काही विचारलेलं नाही.

धाकटी